टायटॅनियम की स्वतःचेच हाड? मध्यकर्णातील रोपणांविषयी वाचकांचे प्रश्न

वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानाकडे दुर्लक्ष केले तर पडद्यामागची हाडे झिजतात, असे या सदरात मागे लिहिले होते. त्यानंतर नागपुरातून आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : झिजलेल्या हाडांच्या जागी डॉक्टर जे बसवतात ते नेमके काय असते, ते कसे घडवतात आणि त्याने खरोखर ऐकू येते का? त्यांतील चार पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ५८ असून त्यांचा उजवा कान लहानपणापासून वाहतो. सीटी स्कॅननंतर एका डॉक्टरांनी पडद्याला मोठे भोक असल्याचे आणि मधले हाड सडल्याचे सांगितले. पडदा बसवताना टायटॅनियमचे हाड टाकावे लागेल, असे त्यांचे मत आहे. दुसऱ्या डॉक्टरांच्या मते वडिलांचेच हाड घासून पुन्हा वापरता येईल. टायटॅनियमचा खर्च बराच जास्त आहे. पैशांची तजवीज आम्ही करू, परंतु अधिक चांगले कोणते?
— एक वाचक, इतवारी

उत्तर : वडिलांसाठी खर्च करण्याची आपली तयारी पाहून आधीच स्पष्ट सांगावेसे वाटते, की येथे जितका खर्च अधिक तितके ऐकू अधिक येईल, असा हिशेब चालत नाही. ऐकू किती येईल हे बसवलेल्या वस्तूपेक्षा ती ज्या कानात बसते त्या कानाच्या अवस्थेवर अधिक अवलंबून असते.

पडद्यामागे हवेने भरलेली छोटी पोकळी असते आणि तीत हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे एकमेकांना सांध्यांनी जोडलेली असतात. आवाज येतो हवेतून. आतला कान मात्र द्रवाने भरलेला असतो. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला, तर त्यातील सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते, म्हणजे जवळपास ३० डेसिबलचे नुकसान होते. हे नुकसान भरून काढण्यासाठीच ही हाडे आहेत. पडद्याचा कंप पावणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर असतो आणि रिकिबीची तळपट्टी जेमतेम ३.२ चौरस मिलिमीटर. ड्रॉइंग पिनच्या रुंद डोक्यावर दिलेला अंगठ्याचा दाब जसा तिच्या टोकाशी एकवटतो, तसा पडद्यावरचा दाब तळपट्टीपाशी सुमारे १७ पट होतो, आणि हातोडी व ऐरण यांच्या तरफेमुळे त्यात आणखी १.३ पटीची वाढ होते. ही साखळी मध्येच तुटली, की पडदा कितीही उत्तम शिवला तरी कंप आत पोहोचत नाहीत. किंबहुना पडदा धड आणि साखळी तुटलेली, अशा कानात ऐकण्याची घट ६० डेसिबलपर्यंत जाऊ शकते.

जुनाट वाहत्या कानात सहसा सर्वांत आधी झिजते ते ऐरणीचे खाली उतरणारे लांब टोक, कारण तेथील रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा असतो. वडिलांचे ‘मधले हाड’ म्हणजे बहुधा हेच असावे. मग शस्त्रक्रिया करणाऱ्यापुढे प्रश्न उरतो तो रिकिबीचे डोके आणि पडदा यांच्यामधील २-३ मिलिमीटरचे अंतर भरून काढण्याचा.

हे अंतर भरण्याचा जुना आणि आजही उत्तम मार्ग म्हणजे रुग्णाची ऐरण बाहेर काढून, सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हिऱ्याच्या बरने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या टोकाने, घासून ती पुन्हा बसवणे. तिच्या एका बाजूला रिकिबीचे डोके बसेल एवढा खळगा कोरतात आणि दुसऱ्या बाजूला हातोडीचा दांडा अडकेल अशी खाच पाडतात. स्वतःचेच हाड असल्याने शरीर ते सहसा बाहेर टाकत नाही आणि त्याची वेगळी किंमत मोजावी लागत नाही. परंतु कानात कोलेस्टिॲटोमा, म्हणजे पडद्याची कातडी आत शिरून हाड खात जाणारा विकार असेल, तर त्या हाडाच्या खाचाखोचांत रोगाचे सूक्ष्म अंश राहण्याची भीती असते आणि असे हाड परत घालणे योग्य नव्हे. हाड फारच झिजलेले असेल तर कोरायला काही उरतच नाही. काही कानांत घासून बसवलेले हाड पुढे विरत जाते किंवा शेजारच्या हाडाला चिकटते.

टायटॅनियमचा तुकडा काही मिलिग्रॅम वजनाचा असतो. त्याच्या वरच्या टोकाला जाळीदार चकती असते. जाळी ठेवण्याचे एक कारण असे, की तुकडा बसवताना तिच्यातून खाली पाहता यावे. मध्ये बारीक दांडी असते आणि खाली फटी पाडलेली छोटी घंटा, जी रिकिबीच्या डोक्यावर अलगद बसते. ही चकती पडद्याला थेट भिडवत नाहीत; उघडा धातू पडद्याला टेकला, तर काही महिन्यांत तो पडदा भेदून बाहेर येण्याचा धोका असतो. म्हणून कानाच्याच कूर्चेचा पातळ काप दोहोंमध्ये ठेवतात. टायटॅनियमचे खरे फायदे म्हणजे तो हलका असतो, योग्य लांबीत तयार मिळतो, शस्त्रक्रियेतील वेळ वाचतो आणि जुना रोग त्याच्यासोबत परत कानात जात नाही. कमी वाहिलेल्या, स्वच्छ कानात स्वतःचे हाड आणि टायटॅनियम यांच्या निकालांत रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक सहसा पडत नाही.

तेव्हा दोन्ही डॉक्टरांना ‘कोणते चांगले’ असे न विचारता पुढील गोष्टी विचाराव्यात, असे मी सुचवीन. रिकीब शाबूत आहे का? ती असेल तर निकाल बरेच चांगले लागतात. तिची कमान गेलेली असेल तर तळपट्टीपर्यंत पोहोचणारा लांब तुकडा घालावा लागतो आणि तो सरकण्याची शक्यता अधिक असते. हातोडीचा दांडा जागेवर आहे का? कोलेस्टिॲटोमा आहे का, आणि असल्यास हाडाचे काम सहा महिने ते वर्षभरानंतर दुसऱ्या टप्प्यात करणे हिताचे ठरेल का? नाकामागून कानात हवा पोहोचवणारी युस्टेशियन नलिका काम करते का? ती बंद राहिली तर पडदा आत ओढला जातो आणि कोणतेही रोपण डळमळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, हवेतून आणि हाडातून ऐकू येण्याच्या रेषांत किती अंतर आहे, हे समजून घ्यावे. शस्त्रक्रिया भरून काढू शकते ते केवळ हे अंतर, आणि ते २० डेसिबलच्या आत आले तर अशा शस्त्रक्रियेला यशस्वी मानतात. वयोमानाने नसेचे ऐकणे कमी झाले असेल, तर ती घट टायटॅनियमनेही भरून निघत नाही.

आणि कान आज वाहत असेल तर घाई करू नये. आधी कान कोरडा होऊ द्यावा. खर्चाचा ताण असेल तर नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करण्यात कोणताही कमीपणा नाही. स्वतःचे हाड घासून बसवण्याची शस्त्रक्रिया हे महागड्या रुग्णालयांतच होणारे काम नव्हे.

प्रश्न : मी व्हीएनआयटीमध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मध्यकर्णाच्या रोपणाचा विषय घ्यावा असे मनात आहे, परंतु मार्गदर्शकांना तो फार सोपा वाटतो. दोन बिंदूंना जोडणारी एक दांडी, त्यात कठीण ते काय? दक्षिण आफ्रिकेत ही हाडे थ्री-डी प्रिंटरवर छापून बसवल्याचेही वाचले. मग प्रश्न सुटलेलाच नाही का?
— एक विद्यार्थी, बजाजनगर

उत्तर : विषय अवश्य घ्या. तो सोपा वाटतो, कारण त्याचा आकार सोपा आहे. अडचण आकारात नाहीच.

थोडा इतिहास पाहू. जर्मनीतील होर्स्ट वुलस्टाइन यांनी १९५२ च्या सुमारास ॲक्रिलिकची छोटी दांडी कानात बसवून पाहिली. अमेरिकेतील जॉन शे यांनी १९५६ मध्ये घट्ट झालेली रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची प्रतिकृती बसवली आणि ऑटोस्क्लेरॉसिस, म्हणजे रिकीब घट्ट करणारा विकार, याच्या उपचारांची दिशाच बदलली. पुढे सच्छिद्र पॉलिएथिलीन आले. ऊती छिद्रांत शिरून ते पक्के बसेल ही कल्पना चांगली होती, पण बरेच तुकडे पडद्यातून बाहेर आले. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये हाडाला चिकटणारी जैवकाच शोधून काढली आणि १९८० च्या दशकात तिचा अगदी सुरुवातीचा वैद्यकीय उपयोग कानातील हाडांसाठीच झाला. मात्र काही कानांत ती कालांतराने विरली आणि तिचे तुकडे पडले. त्यानंतर हायड्रॉक्सिॲपटाइट (हाडातीलच खनिज) आणि १९९० च्या दशकात टायटॅनियम. या क्रमाकडे नीट पाहिले तर ध्यानात येईल, की यांतील बहुतेक पदार्थ ताकद कमी पडल्यामुळे मागे पडले नाहीत, कारण कंपांचा भार नगण्यच असतो. पदार्थ मागे पडले ते पडद्याशी आणि सुजलेल्या, जंतूंनी भरलेल्या त्वचेशी त्यांचे जमले नाही म्हणून. वाहत्या कानात स्युडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस हे जंतू नेहमी सापडतात, आणि परक्या पृष्ठभागावर त्यांचा चिकट थर जमला की प्रतिजैविके तेथवर नीट पोहोचत नाहीत.

आता तुमच्या शास्त्राकडे वळू. वस्तुमान वाढले की उंच स्वर मार खातात आणि ताठरपणा वाढला की खालचे स्वर. दांडी क्षणभर आदर्श मानली, तरी ती किती ताणून बसवली यावर निकाल ठरतो. पाव मिलिमीटर लांब झाली तर पडदा ताणला जातो, खालचे स्वर दबतात आणि चकती बाहेर येण्याचा धोका वाढतो. पाव मिलिमीटर आखूड झाली तर दांडी पडदा बरा होताना सुटते. कोन फार तिरका असला तर कंपांचा बराचसा जोर आडवा वाया जातो. ही मोजमापे आधी सीटी स्कॅनवरून पूर्णपणे ठरवता येत नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी मापकाड्या लावून लांबी ठरवावी लागते. आणि हे सारे ठरवायचे ते पडदा अजून बरा झालेला नसताना, पुढे तो कोठे स्थिरावेल याचा अंदाज बांधून.

मला मात्र सर्वांत रोचक वाटते ते सांध्यांचे काम. बोलण्याच्या आवाजाने ही हाडे हलतात ती नॅनोमीटरच्या मापात. परंतु शिंकताना, ढेकर देताना, गिळताना, विमान उतरताना किंवा घाट चढताना हवेचा दाब बदलतो, तेव्हा पडदा काही शे मायक्रोमीटर आत-बाहेर जातो, म्हणजे आवाजाने होणाऱ्या हालचालीच्या हजारो पट अधिक. नैसर्गिक साखळीत हातोडी आणि ऐरण यांचा सांधा घसरून हा धक्का स्वतःवर घेतो, त्यामुळे रिकीब आतल्या कानात ढकलली जात नाही. आणि तरीही आवाजाच्या सूक्ष्म कंपांसाठी तोच सांधा जवळपास जोडल्यासारखा वागतो. टायटॅनियमच्या ताठ दांडीला हे दुहेरी वागणे जमत नाही. म्हणूनच दांडीत गोल खिळीचा सांधा घालण्याचे नमुने तयार झाले, पण तेथे निराळी अडचण येते : कानातील ऊती सांध्यावर चढली की तो घट्ट होतो, आणि फार सैल ठेवला तर कंप वाया जातात. मोठ्या हालचालीला मऊ आणि सूक्ष्म कंपांना ताठ असा, काही मिलिग्रॅम वजनाचा सांधा, जो वर्षानुवर्षे ओलसर ऊतीत टिकेल, हाच तुमच्या प्रकल्पाचा गाभा ठरू शकतो.

छापील हाडांविषयी सांगायचे तर बातमी खरी आहे. प्रिटोरिया येथील स्टीव्ह बिको रुग्णालयात प्राध्यापक माशुदू त्शिफुलारो यांच्या चमूने २०१९ मध्ये टायटॅनियमची छापलेली हाडे बसवली, आणि अपघातात साखळी पूर्ण तुटलेल्या व्यक्तींसाठी ही दिशा मोलाची आहे. पण हाडाचा हुबेहूब आकार छापल्याने सांधा छापला जात नाही, आणि ज्या कानात जंतू व सूज आहे तेथे आकार कितीही अचूक असला तरी तो पहिला प्रश्न नव्हेच. जगभर नवे नमुने मृत्यूनंतर दान केलेल्या कानांच्या हाडांत बसवून, पडद्याशी ठरावीक आवाज देऊन तळपट्टीचा वेग लेझर डॉप्लर व्हायब्रोमीटरने मोजतात आणि संगणकावर फायनाइट एलिमेंट (वस्तूचे छोटे छोटे भाग कल्पून गणित करणाऱ्या) प्रतिकृतीशी ताडून पाहतात. प्रकल्पाच्या पहिल्या वर्षी हे सर्व तुमच्या आवाक्यात येणार नाही. परंतु प्रतिकृती करणे आणि दाबातील मोठ्या बदलाला ती काय उत्तर देते हे पाहणे निश्चित शक्य आहे. कान-नाक-घसा शल्यचिकित्सकाला सुरुवातीपासून सोबत घ्यावे, नंतर दाखवायला नव्हे. आपल्या नमुन्याला चिमट्याने धरून, ६-७ मिलिमीटर रुंदीच्या नळीतून तो आत न्यायचा आहे, हे अभियंत्याला टेबलावर बसून सुचत नाही.

प्रश्न : माझी आई ६२ वर्षांची आहे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येते म्हणून कानाचे मशीन घेतले, पण उन्हाळ्यात घामाने आणि पावसाळ्यात बुरशीने कान सतत खाजतो, सुजतो आणि मशीन काढून ठेवावे लागते. मध्यकर्णात बसवायचे इलेक्ट्रॉनिक यंत्र असते असे ऐकले. ते म्हणजेच कॉक्लिअर इम्प्लांट का? आईला चालेल का?
— एक वाचिका, महाल

उत्तर : नाही, ही दोन निराळी यंत्रे आहेत. कॉक्लिअर इम्प्लांट आतल्या कानात विद्युत संवेदना देते आणि ते अतिशय कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आहे. आपण विचारलेले यंत्र नसेला वीज देत नाही. ते हाडांना हलवते. ज्यांची नस बऱ्यापैकी शाबूत आहे, त्यांनाच त्याचा उपयोग होतो.

जपानमध्ये अशी रोपणे १९८४ पासून झाली. आज सर्वांत अधिक वापरात असलेल्या यंत्राचा गाभा लहानपणीच ऐकण्याची शक्ती कमी झालेल्या जेफ्री बॉल या संशोधकाने घडवला. स्वतः रोज मशीन लावणाऱ्या माणसाने त्यातील उणिवा दूर करण्यासाठी हे काम हाती घ्यावे, याचे मला फार मोल वाटते. त्याचे पहिले रोपण १९९६ मध्ये झुरिचला झाले. कानामागे त्वचेवर चुंबकाने चिकटणारा भाग असतो, त्यात मायक्रोफोन आणि बॅटरी असते. त्वचेखालच्या भागाकडे संदेश तारेविना जातो, आणि तेथून बारीक तारेने ऐरणीला चिमटलेल्या सुमारे अडीच मिलिमीटर लांबीच्या कुपीकडे. या कुपीत वेटोळ्याच्या मध्ये चुंबक तरंगत असतो. तो थरथरला की कुपी थरथरते आणि तिच्यासोबत ऐरण. कुपीचे वजन २५ मिलिग्रॅम ठेवले आहे, कारण ऐरणीचे स्वतःचे वजनही साधारण तेवढेच असते. याहून जड वस्तू तिच्यावर टांगली तर यंत्र बंद असतानाचे नैसर्गिक ऐकणेच बिघडेल. ज्यांची हाडेच उरलेली नाहीत त्यांच्यात हीच कुपी आतल्या कानाच्या गोल खिडकीवर बसवता येते. इटलीतील व्हित्तोरिओ कोलेत्ती यांनी ही पद्धत पुढे आणली. संपूर्णपणे त्वचेखाली राहणारी यंत्रेही आहेत, परंतु त्वचेखालच्या मायक्रोफोनला चावण्याचा आवाज ऐकू येतो, बॅटरी संपली की छोटी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि एका यंत्रात तर शिट्टी टाळण्यासाठी धडधाकट ऐरणीचा भाग कापावा लागतो. तो तोडगा मला व्यक्तिशः पटत नाही.

आईच्या बाबतीत कारण योग्य आहे : कानाच्या नळीला मशीनचा आत बसणारा साचा सहन न होणे, हे अशा रोपणामागचे मान्य कारण आहे, कारण येथे नळी मोकळी राहते. तरीही थेट तेथे जाऊ नये. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना साचा दिवसभर कानात राहिला की कातडी ओलसर होते, आणि जूनमधील पहिल्या पावसानंतर बुरशी धरते. नागपुरात हे नित्याचे आहे. डॉक्टरांकडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पूर्ण साफ करून घ्यावी, साखरेची तपासणी करावी, साच्याला हवेचे भोक पाडून घ्यावे किंवा त्याचा पदार्थ बदलावा, आणि रात्री मशीन कोरडे करणाऱ्या डबीत ठेवावे. आंघोळीनंतर ओल्या कानात साचा लावू नये. कानामागे हाडावरून ऐकवणारी, शस्त्रक्रियेविना लावता येणारी यंत्रेही एकदा वापरून पाहावीत. मात्र नसेची घट असेल तर त्यांचा जोर पुरतोच असे नाही. हे सर्व करूनही दोन ऋतू असेच गेले, तर रोपणाचा विचार करावा. तेव्हा गेल्या काही वर्षांचे ऑडिओग्राम सोबत न्यावेत, कारण ऐकणे वेगाने घसरत असेल तर हे रोपण लवकरच अपुरे पडते. यंत्र परदेशी बनावटीचे आणि महाग असते. कानामागच्या भागाची दुरुस्ती, बॅटरी आणि जुळवणी यांसाठी नागपुरात कोण उपलब्ध आहे, याची खातरी शस्त्रक्रियेआधी करावी.

प्रश्न : ऑटोस्क्लेरॉसिससाठी माझ्या कानात पिस्टन बसवला आहे. एमआरआय करता येईल का? विमानाने प्रवास चालेल का?
— एक वाचिका, सक्करदरा

उत्तर : रिकिबीच्या जागी बसवले जाणारे आजचे टेफ्लॉन आणि टायटॅनियमचे पिस्टन चुंबकाला ओढले जात नाहीत, त्यामुळे एमआरआय सहसा निर्धोक असतो. मात्र १९८७ च्या सुमारास चुंबकाला ओढल्या जाणाऱ्या पोलादाचे काही पिस्टन अमेरिकेत वापरात आले होते आणि ते परत मागवावे लागले, म्हणून तंत्रज्ञ कार्ड मागतात तेव्हा रागावू नये. शस्त्रक्रियेच्या कागदांत पिस्टनचे नाव, साहित्य आणि लांबी लिहिलेली असते. कागद हरवले असतील तर रुग्णालयातून प्रत मागून घ्यावी. आधीच्या उत्तरातील चुंबकाच्या यंत्राची गोष्ट निराळी आहे. त्यासाठी यंत्राचा नमुना पाहूनच परवानगी देतात.

विमानासाठी शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थांबावे आणि नेमका काळ आपल्या शल्यचिकित्सकाला विचारावा. त्यानंतरही सर्दीने नाक चोंदलेले असताना विमानात बसू नये, नाक दाबून जोराने हवा भरू नये. उतरताना घोट-घोट पाणी प्यावे. प्रवासात किंवा एरवीही अचानक गरगरले, ऐकू येणे एकदम कमी झाले किंवा कानात नवा गुंजारव सुरू झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.